आनंदीबाईंच्या हस्ताक्षरात

आनंदीबाई जोशी म्हटलं की मला आधी गोपाळरावच आठवायचे. बायकोला शिकवायचं म्हणून हट्टाला पेटलेला नवरा! परवा लेकीनं फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहातलं आनंदीबाईंचं पत्र लॅपटॉपवर उघडून दिलं आणि मी स्वयंपाक विसरून बघतच राहिले.

तारीख २८ जून १८८३. अमेरिकेत पाऊल ठेवून महिनाही झालेला नाही, वय अवघं १८, आणि बाई वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मागताहेत. आपण सगळ्या अटींत बसू की नाही, ही शंका त्या लपवत नाहीत. पण पुरुष डॉक्टरच्या हाती जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी मी आलेय, हेही स्पष्ट सांगतात. यात गोपाळराव कुठे हो? मला तरी त्याच दिसल्या.

कल्याणच्या या यमुनेचं नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. १८८६ साली पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. विषय निवडताना ते बाळ आठवलं नसेल, असं मला नाही वाटत.

कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झाली होती, पण क्षयानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. अमेरिकेत ज्यांनी लेकीसारखं सांभाळलं, त्या कार्पेंटरबाईंकडे गोपाळरावांनी रक्षा पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.