संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर

सज्जनहो, साकी, दिंडी, कामदा ही आम्हां कीर्तनकारांची नित्याची भांडवलं. पूर्वरंगात विषय मांडला आणि उत्तररंगात आख्यान रंगू लागलं, की हीच वृत्ते आमच्या साह्याला धावतात. हे धन रंगभूमीवर मानाने नेऊन बसविणारे गृहस्थ म्हणजे बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर.

त्यांचा जन्म १८४३ सालचा, बेळगाव भागातील गुर्लहोसूर गावचा. योग असा, की त्याच साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला. त्या खेळांत पदे म्हणायची ती सूत्रधाराने. पात्रांनी आयत्या वेळी सुचेल तसं बोलायचं. सीतेचा शोक, पण गळा सूत्रधाराचा! अण्णासाहेबांनी हे पालटलं. ज्याचं दुःख, त्यानेच ते गावं, हा त्यांचा मार्ग. ऐकायला साधी गोष्ट, पण सगळं संगीत नाटक या एका गोष्टीवर उभं आहे.

बेळगावास त्यांनी शिक्षकी केली, पुढे पुण्यास महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरी. पुण्यात पारशी मंडळींचा गाण्यांनी भरलेला खेळ त्यांनी पाहिला आणि मनाने घेतलं, की असं मराठीत का होऊ नये? आधार मात्र धरला कालिदासाचा. शाकुंतल मराठीत उतरवून पदे स्वतः रचली, चालीही स्वतःच बसविल्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात पहिले चार अंक झाले. आम्ही पाठशाळेत शाकुंतल घोकलं ते टीकेसह; तेच नाटक संस्कृताचा गंध नसलेल्या माणसाच्या ओठी बसावं, हे काम पंडिताचं नव्हे, रसिकाचं.

१८८२ साली सौभद्र आलं. कथा महाभारतातली, भगवंत कृष्ण सूत्र हलविणारा, अर्जुन संन्याशाच्या वेषात. पण सुभद्रा बोलते ती आपल्या घरातल्या लेकीसारखी. चाली पाहाव्या तर कीर्तनातल्या, लावणीतल्या, कानडी मुलखातल्या, बायकांच्या गाण्यांतल्या. जे लोकांच्या कानात आधीच होतं, तेच त्यांनी नव्या अर्थाने परत दिलं. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर यांचे गळे त्यांना लाभले. नाटकवाला म्हणजे वाया गेलेला, अशी समजूत असलेल्या काळात घरंदाज मंडळी या खेळांना येऊन बसू लागली, हे लहान काम नव्हे.

१८८४ साली रामराज्यवियोग रंगभूमीवर आलं, पण तीन अंकांपुढे गेलं नाही. रामाचं राज्य जसं हातातोंडाशी येऊन दुरावलं, तसंच कर्त्याचंही झालं. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेब गेले. शाकुंतलापासून मोजलं तर हाती आली पाचच वर्षं.

पण लावलेलं रोप जगलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली शारदा दिलं. त्यांच्याच मंडळीत १९०५ साली बालगंधर्व आले. सौभद्राचे प्रयोग तर शंभर वर्षं उलटल्यावरही होत राहिले.

वाचकहो, आयुष्य किती मिळालं याचा हिशेब आपल्या हाती नाही. मिळालं त्यात लोकांच्या मुखी काय ठेवून गेलो, एवढंच आपलं. अण्णासाहेबांनी गाणं ठेवलं. ते अजून म्हटलं जातं.