दांतांचे कैवारी : डॉ. ब्लॅक

किडलेला दांत उपटून टाकणें हाच जेव्हां बहुतेकांचा उपाय होता, तेव्हां तो वांचविण्याच्या विद्येस शास्त्राची बैठक देणारे ग्रीन वार्डिमन ब्लॅक हे अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत ३ ऑगस्ट १८३६ रोजीं जन्मले. शाळेचें शिक्षण त्यांस थोडेंच लाभलें. वैद्य असलेल्या वडील बंधूंजवळ व पुढें एका दंतवैद्याच्या हाताखालीं शिकून त्यांनीं धंदा मांडिला.

भरलेला दांत पुन्हां कां किडतो, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देईना. चावण्याचा जोर व भरणाचें आकुंचन मोजण्याचीं साधनें त्यांनीं योजिलीं. पाऱ्यांत कालविलेली धातूची भुकटी घट्ट होतांना आंखडली कीं कडेस फट राहते, आणि तींतून कीड शिरते. रुपें, कथील इत्यादि धातूंचें प्रमाण बसवून त्यांनीं हा दोष पुष्कळ कमी केला. हें संशोधन १८९५ च्या सुमारास प्रसिद्ध झालें.

दांताच्या सिमेंटासही हीच कसोटी लागते. जस्ताचें भस्म फॉस्फरिक आम्लांत थोडें थोडें कालवून तें करितात. एकदम कालविल्यास तापून लगेच घट्ट होतें. कोंकणांत जांभ्याचे चिरे चुन्यानें सांधीत, तसें तें सोन्याची टोपी दांतावर पक्की करितें. धातूच्या भरणाखालीं त्याचा थर असला म्हणजे उष्ण-थंडाचा चटका आंत पोहोंचत नाहीं. परंतु लाळेंत तें हळूहळू विरतें. म्हणून टोपीची कड दांतास नेमकी भिडली पाहिजे.

१८९७ सालीं ब्लॅक शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न दंतविद्यालयाचे प्रमुख झाले. वृद्धापकाळीं त्यांनीं डॉ. मॅके ह्यांजसह कोलोरॅडोंतील लोकांच्या डागाळलेल्या दांतांचा शोध चालविला. ३१ ऑगस्ट १९१५ रोजीं ते निवर्तले. डागांचें कारण पाण्यांतील फ्लोराइड, हें १९३१ सालीं उलगडलें. त्याच फ्लोराइडाच्या अल्प मात्रेनें दांताचें किडीपासून रक्षण होतें, हेंही पुढें कळलें.

कीड परतूं नये म्हणून भोंवतालचा निरोगी भागही कोरावा, हें ब्लॅक ह्यांचें मत मात्र आतां मागें पडलें आहे. इंग्लंडांत विल्सन व केंट ह्यांनीं १९७२ सालीं दांतास स्वतः चिकटणारें, फ्लोराइड सोडणारें कांच-सिमेंट पुढें आणिलें. त्यामुळें कोरणें कमी झालें.

विद्यार्थिमित्रहो, मत बदललें तरी पद्धति टिकली. केसाएवढी फटही क्षुल्लक न मानितां मोजून पाहावी, हेंच ह्या अल्पशिक्षित पुरुषाच्या मोठेपणाचें बीज होय.