डॉक्टर भाऊंचा जमाखर्च

गेल्या महिन्यात माझ्या मेहुणीची नात दोन दिवस आमच्याकडे राहायला आली. मुलगी एम.बी.बी.एस. झालेली, पुढच्या शिक्षणासाठीच्या परीक्षेत चांगला क्रमांक मिळवलेली. आता कोणती शाखा घ्यायची एवढाच प्रश्न. तिने येताना एक वही आणली होती. वहीत रकाने आखलेले होते. एका बाजूला क्ष-किरणशास्त्र, दुसऱ्या बाजूला बालरोग. खाली शिक्षणाची वर्षे, लागणारे कर्ज, अपेक्षित मिळकत, रात्री-अपरात्री येणारे फोन, रविवारची सुट्टी. आजोबा, तुम्ही बँकेत होतात, एवढा हिशेब तपासून द्या, असा तिचा आग्रह होता.

हिशेब उत्तम होता. माझ्या हाताखालच्या एखाद्या अधिकाऱ्याने इतका नेटका प्रस्ताव आणला असता, तर मी डोळे मिटून सही केली असती. तालुक्याच्या शाखेत असताना सोनोग्राफीच्या यंत्रासाठी कर्ज मागायला येणाऱ्या डॉक्टरांचे कागद मी असेच तपासत असे. रोजचे पेशंट किती, फी किती, हप्ता किती. त्यामुळे या मुलीने पैशाचा विचार केला म्हणून नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही. डॉक्टरने पैशाचे नावच काढू नये, असे म्हणणारी मंडळी बहुधा स्वतः दरमहा पगार घेत असतात. तरीही वही पाहता पाहता मला दीडशे वर्षांपूर्वीचा एक डॉक्टर आठवला. त्याचा जमाखर्च कोणत्या रकान्यात बसवावा, हे मला बँकेतून निवृत्त झाल्यावरही उमगलेले नाही.

मुंबईत राणीच्या बागेशेजारच्या संग्रहालयाला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. मुले तिथे हत्ती-हरणे पाहून झाल्यावर जातात. नावाचा माणूस कोण, हे फारसे कुणी विचारत नाही. रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे खरे नाव. जन्म गोव्यातल्या मांद्रे गावचा, १८२२ चा. मुलाची बुद्धिबळातली चलाखी पाहून कुणा इंग्रजाने वडिलांना सुचवले, की याला इंग्रजी शिकवा. म्हणून कुटुंब मुंबईला आले, असे सांगतात. एल्फिन्स्टनमध्ये शिकून भाऊ तिथेच शिक्षक झाले. काठेवाड आणि कच्छमधल्या बालहत्येवरच्या निबंधाला बक्षीस मिळाले. नोकरी होती, नाव होत होते. अशा वेळी १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, आणि शिक्षकाची खुर्ची सोडून हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसला. पहिल्या तुकडीतून ते १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले.

त्या काळच्या देशी पदवीधराला सरकारात काय मिळे? सब-असिस्टंट सर्जनची जागा. वर गोरा सर्जन, खाली आपण. पगार ठरलेला, बदली ठरलेली, मानही ठरलेला. भाऊंनी स्वतःचा दवाखाना थाटला. धंदा विलक्षण चालला. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले. हे नारायणराव छायाचित्रणातही नावाजलेले होते. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. थोड्याच वर्षांत भाऊ श्रीमंत झाले. माझ्या भाचेनातीच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी शाखा अचूक निवडली.

पण श्रीमंत झाल्यावर त्यांनी काय केले ते पाहा. मुंबईचा धनिक डॉक्टर म्हणून ज्या शेठियांच्या घरी त्यांचे जाणे-येणे, त्याच वैष्णव समाजातल्या एका महाराजांनी १८६२ मध्ये करसनदास मुळजी या पत्रकारावर पन्नास हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराजांच्या वर्तनावर करसनदासांनी लिहिले होते. या खटल्यात भाऊ साक्षीला उभे राहिले आणि महाराजांना आपण कोणत्या गुप्तरोगासाठी औषध दिले, ते त्यांनी कोर्टात सांगितले. करसनदास सुटले. समाजसुधारणेच्या इतिहासात ही साक्ष मोलाची मानतात आणि ते योग्यच आहे. पण मी कारकुनी पिंडाचा माणूस. खातेदाराच्या खात्यातली शिल्लक बाहेर सांगायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. पेशंटचे गुपित कोर्टात उघड करताना भाऊंच्या मनात काय झाले असेल, हा प्रश्न मला सुटत नाही. एवढे मात्र दिसते, की ज्याला गिऱ्हाईक सांभाळायचे असते, तो असल्या साक्षीच्या वाटेला जात नाही.

दुसरा खर्च याहून विचित्र. दिवसा नाडी पाहायची आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचायचे. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्यांनी १८६० च्या सुमारास आपल्याकडे आणले आणि पदरी ठेवले. पंडितजींनी देशभर हिंडावे, गिरनारच्या खडकापासून लेण्यांपर्यंत जिथे अक्षर दिसेल तिथे कागद चिकटवून ठसा घ्यावा, आणि भाऊंनी त्यावरून राजांचे कालखंड लावावेत. अजिंठ्याच्या लेखांवर आणि कालिदासाच्या काळावर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे निबंध वाचले. जुनी नाणी जमवली, पोथ्या जमवल्या. हे सगळे पेशंटच्या फीमधून. अशा खर्चाला आमच्या भाषेत अनुत्पादक म्हणतात आणि कर्जाच्या अर्जात तो दिसला, की साहेब लाल पेन्सिल उचलतात.

आता या गोष्टीतला तो भाग, ज्यासाठी मी भाऊंच्या मागे लागलो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. पूर आला की नाले फुटतात. रोज नवी कंपनी, रोज नवी बँक. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला. बँक ऑफ बॉम्बेला १८६३ च्या कायद्याने शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली होती, आणि तारण म्हणजे काय, तर भाव वाढतो आहे हा भरवसा! कर्ज काढून शेअर, शेअर ठेवून कर्ज. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत जनरल लीने शस्त्रे ठेवली. कापूस कोसळला. जुलैची पहिली तारीख वायद्यांच्या निकालाची होती. त्या दिवशी शहराचे दिवाळे उघड झाले. बँक ऑफ बॉम्बेही पुढे १८६८ मध्ये बुडाली. या लाटेत भाऊही होते आणि तेही धुऊन निघाले. त्याच जुलैच्या अखेरीस मुंबईच्या सार्वजनिक जीवनातले त्यांचे वडीलधारे नाना शंकरशेट वारले.

इतका हुशार माणूस यात कसा सापडला, असे पूर्वी मला वाटे. १९९२ नंतर वाटेनासे झाले. त्या साली मी, तारणाचे नियम तोंडपाठ असलेला बँक अधिकारी, कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून कर्ज काढून शेअर घेऊन बसलो होतो. सहा वर्षे हप्ते फेडले. बायकोला तिसऱ्या वर्षी सांगितले. तेव्हापासून मी भाऊंना नावे ठेवणे सोडले.

बेचाळिशी-त्रेचाळिशीत सारे गमावलेला डॉक्टर पुन्हा दवाखान्यात बसला. आता तरी पंडितजींना निरोप द्यायला हवा होता. दिला नाही. उलट पंडितजींच्या मोठ्या यात्रा यानंतरच्या आहेत. १८६९ आणि १८७१ अशी दोनदा भाऊंना मुंबईचे शेरीफपद मिळाले. पैसा गेला तरी पत उरली होती, हे एका बँकवाल्याला नमूद केलेच पाहिजे. ज्या संग्रहालयाच्या उभारणीसाठी त्यांनी समितीचे चिटणीस म्हणून खपून काम केले, ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

याच वर्षांत ते कुष्ठरोगाच्या मागे लागले. रोग्यांवर एक औषध चालवले, गुण येतो असे दिसले, शहरात बोलबाला झाला. पण औषध कोणते, ते भाऊ सांगेनात. वर्तमानपत्रांतून टीका झाली. डॉक्टरने औषध गुप्त ठेवावे काय, वैदूमध्ये आणि त्याच्यात मग फरक कोणता, हा सवाल रास्त होता. पश्चात कळले, की ते कडू कवठीच्या बियांचे तेल होते. त्याच कुळातली तेले पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरली गेली, ती थेट १९४० नंतर सल्फोनची औषधे येईपर्यंत. पुरती खात्री होईपर्यंत बोलायचे नाही, असा भाऊंचा विचार असावा, असे त्यांचे चाहते मानतात. मला वाटते, बुडालेल्या माणसाच्या मनात या औषधाची किंमतही एखादे वेळी डोकावली असेल. डोकावली असली तरी माझ्या लेखी भाऊ लहान होत नाहीत. कोर्टात पेशंटचे गुपित सांगणारा माणूस औषधाचे गुपित मात्र धरून बसतो, हे कोडे मी भाचेनातीला घातले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, की शेअर बुडाल्यावर ते गरिबांचे पेशंट फुकट बघत होते का. मी म्हटले, बघत होते.

भाऊ १८७४ च्या मे महिन्यात गेले, पन्नाशी नुकतीच ओलांडलेले. पुढच्या वर्षी नारायणरावही गेले. भाऊंच्या पोथ्या आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. ते वारले तेव्हा पंडित भगवानलाल नेपाळात होते, त्यांच्याच कामावर, देवळांच्या दगडांवर ओले कागद ठोकत. ते ठसे घेऊन ते परतले आणि काही वर्षांनी ब्यूलर या जर्मन पंडिताबरोबर त्यांनी ते प्रसिद्ध केले.

भाचेनातीचे पर्याय भरण्याची मुदत येत्या गुरुवारी संपते. वही ती घेऊन गेली आहे. मी त्यात फक्त व्याजाची एक चूक दुरुस्त करून दिली.