ट्रॉइट्स्कींचे दोन घोडे

अलेक्सी ट्रॉइट्स्की (1866-1942) हे रशियातले वनाधिकारी आणि बुद्धिबळातील अंतिम डावांचे अभ्यासक. नुसत्या दोन घोड्यांनी एकट्या राजावर मात लादता येत नाही. प्रतिस्पर्ध्याकडे प्यादे असेल, तर मात्र ते अनेकदा जमते. प्यादे कुठवर अडवायला हवे, ती रेषा त्यांनी कागदावर शोधली. लेनिनग्राडच्या वेढ्यात ते उपासमारीने गेले. अशा वेळी शरीर आधी चरबी, मग स्वतःचे स्नायू जाळते.

पुढे संगणकाने ती रेषा खरी ठरवली. काही विजयांना मात्र 50 हून जास्त चाली लागतात. प्यादे न हलता, मोहरा न मारता 50 चाली झाल्या, की बरोबरी मागता येते. काही स्थितींपुरती ही मर्यादा वाढवली गेली, नंतर पुन्हा 50 वर आणली. डॉक्टर म्हणून मला ते पटते: संगणक थकत नाही, खेळाडूचा मेंदू थकतो.