लोकसेवक संशोधक वाल्डेमार हाफकिन

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव आमच्या बहुतेक ज्ञातिबांधवांच्या कानावर असेल. परंतु ज्या पुरुषाचे नाव त्या संस्थेने धारण केले आहे, त्याचे चरित्र फार थोड्यांस ठाऊक असते. विद्याव्यासंगी तरुणांस ते बोधप्रद होईल अशा विश्वासाने आम्ही ते येथे संक्षेपाने देत आहोत.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा नगरी एका यहुदी कुटुंबात झाला. थोर शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचे अध्ययन केले. परंतु यहुदी म्हणून स्वदेशात अध्यापकपदाचा मार्ग त्यांस बंद होता, आणि धर्मांतर करून तो उघडणे त्यांस मान्य नव्हते. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथालयातील जागा मिळाली, तीच त्यांनी कमीपणा न मानता पत्करली. उरलेला वेळ प्रयोगशाळेत वेचला. तेथेच पटकीवरील लस सिद्ध झाली. १८ जुलै १८९२ रोजी तिची परीक्षा त्यांनी स्वतःच्या देहावर घेतली व पुढील वर्षी ती घेऊन ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवताच सरकारने त्यांस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत त्यांनी काही महिन्यांतच नवी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस दिली.

१९०२ साली पंजाबातील मल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन पदावरून दूर झाले. ती बाटली गावातच उघडताना दूषित झाली असावी, हे रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी मांडले, तेव्हा १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. तरीही मुंबईची प्रयोगशाळा त्यांस परत लाभली नाही. कलकत्त्यास काम करून ते निवृत्त झाले. १९२५ साली त्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

जन्मामुळे ज्यांस दार बंद झाले, त्यांची लस सर्व जातिधर्मांच्या लोकांच्या रक्षणास आली. ज्ञातिसंस्था म्हणविणाऱ्या आम्हांस यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. आमच्या मुलामुलींतून कोणी रोगसंशोधनाकडे वळू पाहील, तर घरच्यांनी केवळ प्राप्तीचा हिशेब न पाहता त्यास पाठबळ द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.