विश्लेषण : दोनदा उलटलेली नौका, तिसऱ्यांदा तोच प्रवास… रणगाडा दलातला ब्रिगेडियर पत्नीसह समुद्रावर का राहिला?

अहिल्यानगर म्हटले की भुईकोट किल्ल्यापाठोपाठ रणगाडे आठवतात. भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे. 1994 मध्ये सुरू झालेल्या येथील रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातील रणगाडे पाहायला दूरदूरचे लोक येतात. त्याच महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व करणारा एक अधिकारी पुढे वेगळ्याच कारणाने जगाला माहीत झाला. ब्रिगेडियर माइल्स स्मीटन यांनी निवृत्तीनंतर बंगला बांधला नाही. पत्नी बेरील यांच्यासह ते शिडाच्या नौकेवर राहायला गेले. 46 फुटांची ती नौका जवळपास दोन दशके त्यांचे घर होती. शिडाच्या नौकेतून जग फिरणाऱ्यांमध्ये या दाम्पत्याचे नाव आजही आदराने घेतले जाते.

माइल्स स्मीटन कोण होते?

माइल्स यांचा जन्म 1906 मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. ‘ग्रीन हॉवर्ड्स’ या ब्रिटिश पलटणीतून ते भारतीय लष्कराच्या ‘हॉडसन्स हॉर्स’ या घोडदळात आले. घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली तो हाच काळ. 1945 मध्ये ब्रह्मदेशातील मैकटिला येथे जपानी सैन्याशी निर्णायक लढाई झाली. तेव्हा ‘प्रोबिन्स हॉर्स’ ही शेरमन रणगाड्यांची रेजिमेंट त्यांच्या हाताखाली होती. याच रणगाडा ब्रिगेडमध्ये ‘डेक्कन हॉर्स’ही होती. 1947 च्या वाटणीत ‘प्रोबिन्स हॉर्स’ पाकिस्तानकडे गेली, ‘डेक्कन हॉर्स’ भारताकडे राहिली. माइल्स ब्रिगेडियर झाले आणि युद्ध संपल्यावर लष्करातून बाहेर पडले.

बेरील यांची ओळख केवळ ‘पत्नी’ एवढीच का नाही?

बेरील यांचा जन्म 1905 चा, घर लष्करी परंपरेचे. पहिला विवाह एका सेनाधिकाऱ्याशी झाला, पण तो टिकला नाही. छावणीतल्या मेजवान्या आणि क्लबात त्यांचे मन रमत नव्हते. 1930 च्या दशकात एकट्या युरोपीय स्त्रीने अनोळखी मुलखात फिरणे धाडसाचे मानले जाई. त्या काळात बेरील रशिया आणि चीनमध्ये एकट्या हिंडल्या. ब्रह्मदेशातून डोंगर ओलांडून थायलंडकडे पायी गेल्या. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या कडेने घोड्यावरून त्यांनी सुमारे हजार मैलांची रपेट केली.

1938 मध्ये माइल्स आणि बेरील यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी दोघे हिंदुकुश पर्वतातील 7,708 मीटर उंचीच्या तिरिच मीर शिखराच्या मोहिमेवर गेले. शिखर सर झाले नाही. त्यांच्यासोबतच्या शेर्पांमध्ये तेनसिंग नोर्गे नावाचा तरुण होता. 1953 मध्ये एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारे हेच ते तेनसिंग.

नौका घेण्याचे कारण काय?

कारण होते पैशांचे. युद्धानंतर स्मीटन कुटुंबाने कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील सॉल्ट स्प्रिंग बेटावर शेती घेतली. त्यांची शिल्लक मात्र ब्रिटनमध्ये होती आणि परकीय चलनावरील निर्बंधांमुळे ती देशाबाहेर नेता येत नव्हती. मग ब्रिटनमध्येच एखादी नौका विकत घ्यायची, ती चालवत कॅनडाला न्यायची आणि तिथे विकून पैसे मोकळे करायचे, असा मार्ग त्यांनी काढला.

1951 मध्ये त्यांनी ‘त्झू हांग’ ही दोन डोलकाठ्यांची नौका घेतली. ती दुसऱ्या महायुद्धाआधी हाँगकाँगमध्ये सागवानी लाकडात बांधलेली होती. या चिनी नावाचा अर्थ करुणेची नौका. अडचण एकच होती. दोघांनाही शिडाची नौका चालवण्याचा अनुभव नव्हता. पुस्तके वाचत, चुका करत ते शिकले. शाळकरी मुलगी क्लिओ हिला बरोबर घेऊन त्यांनी अटलांटिक ओलांडला आणि पनामा कालव्यातून पॅसिफिक गाठून कॅनडापर्यंत मजल मारली. तिथे पोहोचल्यावर नौका विकण्याचा विचार मागे पडला. काही वर्षांत शेतीच सुटली आणि नौका राहिली.

अशा नौकेवर संसार कसा चालतो?

आज नौकांवर उपग्रहाधारित दिशादर्शक, सौर पॅनल आणि हवामानाचे ताजे अंदाज असतात. त्या काळी यांतले काही नव्हते. सेक्स्टंट या उपकरणाने सूर्य आणि ताऱ्यांचा क्षितिजापासूनचा कोन मोजायचा, अचूक घड्याळाची वेळ पाहायची आणि तक्त्यांवरून आपण कुठे आहोत याचा हिशेब मांडायचा. आकाश ढगाळ असेल तर हा हिशेब अंदाजावर. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांवर शिडे सोडली की नौका आठवडेच्या आठवडे एकाच दिशेने पुढे सरकत राहते. चक्रीवादळांचा हंगाम मात्र टाळावा लागतो. गोडे पाणी मोजून वापरायचे, धान्य आणि डबाबंद अन्न पुरवायचे, फाटलेले शीड स्वतः शिवायचे, हा रोजचा संसार. रात्री पाळ्या लावून पहारा द्यायचा. एक झोपला की दुसऱ्याच्या हाती सुकाणू.

नौकेवर आणखी एक सदस्य होती, ‘प्वे’ नावाची सयामी मांजर. 1955 मध्ये पुन्हा कॅनडाचा किनारा सोडून हवाई बेटे आणि न्यूझीलंडमार्गे हे कुटुंब ऑस्ट्रेलियाला पोहोचले.

14 फेब्रुवारी 1957 रोजी काय घडले?

क्लिओ शिक्षणासाठी इंग्लंडला गेली होती. तिला भेटायला जायचे तर सोपा मार्ग उष्ण कटिबंधातून होता. स्मीटन दाम्पत्याने दक्षिण अमेरिकेचे टोक असलेल्या केप हॉर्नला वळसा घालणारा मार्ग निवडला. 1956 च्या नाताळानंतर ‘त्झू हांग’ मेलबर्नहून निघाली. सोबत जॉन गझवेल हा तरुण होता. पेशाने सुतार असलेला गझवेल स्वतः बांधलेल्या जेमतेम वीस फुटी नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करत होता. आपला प्रवास थांबवून तो त्यांच्या मदतीला आला होता.

40 ते 60 अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवणारी जमीन जवळपास नाही. शालेय भूगोलात ‘गरजणारे चाळीस’ म्हणून शिकतो ते वारे याच पट्ट्यातले. हजारो मैल मोकळ्या पाण्यावरून येणाऱ्या लाटा तिथे प्रचंड होतात. लाट मागून येऊन फुटली तर नौकेचा मागचा भाग उचलला जातो, पुढचे टोक पाण्यात रुतते आणि नौका कोलांटी खाते. चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार मैलांवर नेमके हेच घडले.

सुकाणूवर बेरील होत्या. त्या समुद्रात फेकल्या गेल्या, कमरेचा सुरक्षा दोर तुटला. खांद्याला आणि डोक्याला दुखापत झालेली असताना पोहत त्यांनी तुटलेल्या डोलकाठीचे अवशेष गाठले. दोघा पुरुषांनी त्यांना ओढून वर घेतले. दोन्ही डोलकाठ्या गेल्या होत्या, सुकाणू गेले होते. डेकवरची केबिन उखडून तिथे भगदाड पडले होते आणि आत पाणी भरत होते. आता सगळे संपले, असे माइल्स यांना वाटले. बेरील मात्र जखमी अवस्थेत बादल्यांनी पाणी उपसायला लागल्या. गझवेल यांनी कपाटांच्या फळ्या आणि शिडाचे कापड वापरून भगदाड बुजवले, उरल्यासुरल्या लाकडांतून डोलकाठी आणि वल्ह्यासारखे सुकाणू तयार केले. पाच आठवड्यांनी ही मोडकी नौका चिलीच्या कोरोनेल बंदरात पोहोचली. मांजरही जिवंत होती.

मग ते पुन्हा का गेले?

माइल्स यांच्या आयुष्यातला सर्वात वादग्रस्त निर्णय हाच. चिलीच्या नौदलाच्या मदतीने नौका दुरुस्त झाली आणि डिसेंबर 1957 मध्ये दोघेच पुन्हा त्याच मार्गाने निघाले. या वेळी त्यांनी वादळात शिडे उतरवून नौका लाटांच्या भरवशावर सोडली. 26 डिसेंबरला ती आडवी लोळण घेऊन उलटली. डोलकाठ्या पुन्हा तुटल्या. पन्नाशी ओलांडलेल्या या जोडप्याने तात्पुरते शीड उभारून नौका वालपराइसो बंदरात आणली आणि तिथून ती जहाजावर चढवून इंग्लंडला पाठवली.

दूर इंग्लंडमध्ये मुलगी शिकत असताना आई-वडिलांनी असा धोका दोनदा पत्करणे योग्य होते का? ही शंका रास्तच आहे. माइल्स यांनी 1959 मध्ये या प्रवासांवर पुस्तक लिहिले, ‘वन्स इज इनफ’. म्हणजे, एकदा पुरे. आपलीच थट्टा करणाऱ्या या नावाच्या पुस्तकात त्यांनी शौर्याचा टेंभा मिरवला नाही. काय चुकले, काय तुटले आणि कसे दुरुस्त केले, याचा सरळ हिशेब मांडला. वादळात शिडे उतरवून थांबावे की लाटेच्या दिशेने पळावे, या वादात दर्यावर्दी आजही या दोन अपघातांचा दाखला देतात.

उरलेला प्रवास कसा झाला?

त्यानंतरची वर्षे भटकंतीची. भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, हिंदी महासागर आणि आग्नेय आशिया पार करत ते जपानला पोहोचले. 1965 मध्ये धुक्याने वेढलेल्या अल्युशन बेटांच्या माळेतून कॅनडाला परतले. या प्रवासांवर माइल्स यांनी पुस्तके लिहिली. बेरील यांनीही आपल्या तरुणपणीच्या भटकंतीवर स्वतंत्र पुस्तके लिहिली.

डिसेंबर 1968 मध्ये ‘त्झू हांग’ने अखेर केप हॉर्न ओलांडले, तेही पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध. तेव्हा माइल्स 62 वर्षांचे आणि बेरील 63 वर्षांच्या होत्या. तरुण खलाशी बॉब नान्स त्यांच्यासोबत होता.

शेवटी ते कुठे स्थिरावले?

समुद्रापासून लांब. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात कोक्रेन गावाजवळ त्यांनी जमीन घेतली आणि जखमी, अनाथ वन्यप्राण्यांसाठी केंद्र सुरू केले. कॅनडाच्या गवताळ प्रदेशातून ‘स्विफ्ट फॉक्स’ हा छोटा कोल्हा 1930 च्या दशकात नाहीसा झाला होता. या दाम्पत्याने अमेरिकेतून कोल्हे आणून त्यांची पैदास सुरू केली. 1979 मध्ये बेरील यांचे निधन झाले. पहिले कोल्हे मोकळ्या माळावर सोडले गेले ते 1983 मध्ये, त्यामुळे तो दिवस त्यांना पाहता आला नाही. माइल्स 1988 मध्ये गेले. केंद्राचे काम पुढे मुलगी क्लिओने चालवले. आज कॅनडाच्या माळरानावर हे कोल्हे पुन्हा दिसतात.

या आयुष्यातून काय दिसते?

लष्करात माइल्स हुकूम देत होते आणि शेकडो माणसे तो पाळत होती. नौकेवर हुकूम पाळायला कुणी नव्हते. तिथे जखमी बेरील बादली उचलतात म्हणून ब्रिगेडियरही पाणी उपसायला लागतो. निम्मी रात्र तिची, निम्मी रात्र त्याची. स्मीटन दाम्पत्य दोन्ही वेळा वाचले, त्यात नशिबाचा वाटा होताच. पण हाताशी असेल त्यातून दुरुस्ती करण्याची सवय आणि एकमेकांवर बरोबरीने टाकलेला भार, यांचा वाटाही तेवढाच मोठा होता.