फत्तेमारीचे पन्नास गुण

मालवणच्या आमच्या घरात मे महिन्यात पत्त्यांच्या जोडीला स्क्रॅबलचा पटही निघतो. इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द लावायचे. हातातल्या सातही सोंगट्या एकदम लागल्या तर पन्नास गुण जास्तीचे. एका मे महिन्यात मुंबईच्या भाच्याने सात अक्षरे मांडली : पी, ए, टी, ए, एम, ए, आर. 'पटमार'. असला शब्द इंग्रजीत असूच शकत नाही, म्हणून मी हटून बसलो. त्याने मुकाट्याने शब्दकोश पुढे केला. मुंबईच्या किनाऱ्यावरचे शिडाचे जहाज, असा अर्थ दिलेला. म्हणजे आपली फत्तेमारीच की! माझे आजोबा फत्तेमारीवर तांडेल. कौले, नारळ भरून मालवण-मुंबई करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्यांचा नातू तोच शब्द परका म्हणून हाकलू पाहत होता. डाव हरलो त्याचे काही नाही, पण ती लाज पुष्कळ दिवस गेली नाही.

असले शब्द इंग्रजीत कोणत्या वाटेने शिरले हे शोधू लागले, की सर हेन्री यूल यांच्यापाशी यावेच लागते. १८२० मध्ये एडिंबरोजवळ जन्मलेला हा स्कॉटिश माणूस. वडील कंपनीच्या फौजेत मेजर, अरबी-फारसीचे जाणकार. मुलगा बंगाल इंजिनीयर्समध्ये भरती होऊन १८४० मध्ये हिंदुस्थानात आला. खासी टेकड्यांतला दगडी कोळसा खाली मैदानात कसा आणावा, हे त्याचे पहिले काम. मग उत्तरेकडचे कालवे, शिखांशी झालेल्या लढाया, १८५५ मध्ये ब्रह्मदेशच्या दरबारी गेलेली वकिलात. १८६२ मध्ये कर्नल यूल निवृत्त झाले आणि पत्नीच्या प्रकृतीसाठी सिसिलीत पालेर्मोला जाऊन राहिले. तिथे बसून त्यांनी मार्को पोलोच्या प्रवासाची सटीप आवृत्ती सिद्ध केली. ती १८७१ मध्ये निघाली आणि त्यांचे नाव झाले.

पण आपल्याला त्यांचे अगत्य वेगळ्या कामासाठी. १८७२ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात त्यांची गाठ आर्थर बर्नेल यांच्याशी पडली. हे मद्रासकडचे मुलकी अधिकारी. तंजावरच्या भोसल्यांच्या राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची करणारे ते हेच. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या बोलीत रुळलेले देशी शब्द दोघेही आपापल्या परीने गोळा करीत होते. पुढे दहा वर्षे पत्रांतून शब्द येत-जात राहिले. १८७५ मध्ये यूल यांची पत्नी गेली. १८८२ मध्ये बर्नेल गेले, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. उरलेले ओझे साठी उलटलेल्या यूल यांनी एकट्याने वाहिले. १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' प्रसिद्ध झाले. नावही मोठे मिस्कील. मोहरममधल्या 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांच्या तोंडी जे झाले, तेच कोशाचे शीर्षक!

या कोशात आपला किनारा जागोजाग भेटतो. इंग्रजीतला 'ग्रॅब' म्हणजे हिसकावणे, हे शाळकरी पोरही सांगेल. पण दुसरा एक 'ग्रॅब' म्हणजे आपली गुराब, मराठ्यांच्या आरमारातली. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कावळा! 'गॅलिव्हॅट' म्हणजे गलबत. त्याचे नाते पोर्तुगीजांच्या गलेओताशी असावे, आणि जहाजावरच्या 'जॉलीबोट'चेही गलबताशी, असा यूल यांचा कयास. फत्तेमारीच्या नोंदीत तर दोन अर्थ : एक जहाज, आणि दुसरा पायी टपाल नेणारा जासूद. नुसता अर्थ देऊन ते थांबत नाहीत. कोणत्या प्रवाशाने कोणत्या साली तो शब्द कसा लिहिला, त्याचे उतारे सालवार मांडतात.

शिबाडाची नोंद मला विशेष आवडते. मोल्सवर्थ यांनी आपल्या मराठी कोशात शिबाड म्हणजे एका विशिष्ट प्रकारचे मोठे जहाज, एवढेच म्हणून वेळ मारून नेली. कोशकारांची ही नेहमीची रीत आहे, असा चिमटा यूल काढतात. विशिष्ट म्हणजे कसले, हे त्यांना हवे होते. मोल्सवर्थ यांच्याबद्दल मला आदर आहे, पण इथे मी यूल यांच्या बाजूचा. शिडांची जहाजे बंदरातून गेल्यावर 'विशिष्ट प्रकारचे' या शब्दांतून आजच्या मुलाला काय दिसणार?

३० डिसेंबर १८८९ रोजी यूल लंडनमध्ये वारले. कोशाची विल्यम क्रुक यांनी वाढवलेली आवृत्ती १९०३ मध्ये निघाली. ती चाळताना परवा 'टी'मध्ये 'टिंडल' सापडला : खलाशांवरचा मुकादम. आमच्या आजोबांचा हुद्दा! सहाच अक्षरे आहेत, पन्नास गुण काही मिळायचे नाहीत. भाच्याला अजून सांगितलेले नाही. मे महिन्यात सोंगट्या हाताला लागल्या तर बघू.